मासे वाचवायला मासे का मारतात?

सप्टेंबर संपत आला की सिएटलकडे नोकरीला असलेल्या मुलामुलींकडून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ हमखास येतो. उथळ ओढा, त्यात हातभर लांबीचे मासे, प्रवाहाविरुद्ध उड्या मारतायत, आपटतायत, पुन्हा उड्या मारतायत. रेडमंड, बेलव्ह्यू, समामिश या आयटीवाल्यांच्या गावांना लागूनच इसाक्वा नावाचं गाव आहे आणि त्याच्या ऐन मध्यात ही सॅमन माशांची हॅचरी, म्हणजे पिल्लं वाढवण्याचं केंद्र. प्रवेश फुकट. त्यामुळे भारतातून आलेल्या आईवडिलांना दाखवायच्या ठिकाणांत तिचा नंबर बराच वर असतो.

उड्या बघून होईपर्यंत सगळे खूश असतात. मग कुणीतरी पुढच्या शेडपाशी पोचतं. तिथे रबरी एप्रन घातलेली माणसं त्याच माशांच्या डोक्यात टोला घालून पोटं चिरत असतात. समुद्रातून एवढं पोहून आलेला मासा, आणि त्याला दाराशीच मारायचं? आणि वर म्हणायचं, हे मासे वाचवायचं केंद्र!

प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मात्र थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

गोड्या पाण्यात जन्म, खाऱ्या पाण्यात वाढ

सॅमन हा दोन पाण्यांचा मासा. थंड, वाहत्या ओढ्याच्या तळाशी गोट्यांच्या फटींत अंडी फुटतात, पिल्लं काही महिने ते दीड वर्ष गोड्या पाण्यात काढतात आणि मग समुद्राकडे निघतात. तोवर त्यांचे कल्ले आणि मूत्रपिंडं खारं पाणी सोसायला तयार होतात, अंगाला चंदेरी झाक येते. पुढची दोनचार वर्षं समुद्रात खाऊन-पिऊन धष्टपुष्ट व्हायचं आणि अंडी घालायची वेळ आली की जन्मलो त्याच ओढ्याकडे परतायचं.

इसाक्वाला प्रामुख्यानं दोन जाती दिसतात. आकारानं मोठा तो चिनूक, सप्टेंबर-ऑक्टोबरात येणारा. त्याच्या मागोमाग येणारा कोहो थोडा लहान. (मुंबईच्या बाजारात ‘इंडियन सॅमन’ म्हणून मिळतो तो आपला रावस. तो वेगळ्याच कुळातला, त्याचा या गोष्टीशी संबंध नाही.)

आता कळीचा मुद्दा. गोड्या पाण्यात शिरल्यावर हे मासे खाणं जवळपास बंद करतात. अंगावर साठवलेल्या चरबीवर आणि मग चक्क स्वतःच्या स्नायूंवर पुढचा प्रवास चालतो. नराचा जबडा आकड्यासारखा वळतो, चंदेरी रंग जाऊन काळपट, लालसर, हिरवट डाग चढतात, शेपटीच्या चिंध्या होतात, पाठीवर पांढरी बुरशी धरते. काचेतून जवळून पाहिलं तर हा मासा जिवंतपणीच झिजत चाललाय हे स्पष्ट दिसतं. अंडी घालून झाली की काही दिवसांत नर आणि मादी दोघंही मरतात. अटलांटिक महासागरातल्या सॅमनमधले काही वाचतात, पुन्हा समुद्रात जातात. चिनूक आणि कोहो वाचत नाहीत. हॅचरी असो वा नसो, ओढ्यात शिरलेल्या या माशाचं परतीचं तिकीट नसतं.

पत्ता नाकात असतो

हजारो किलोमीटरच्या समुद्रातून बरोबर तोच ओढा कसा सापडतो? खुल्या समुद्रात दिशा कळायला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा उपयोग होतो असं संशोधन सांगतं. किनाऱ्याजवळ आल्यावर मात्र काम वासाचं. प्रत्येक ओढ्याच्या पाण्याला तिथली माती, झाडोरा, शेवाळ यांचा म्हणून एक वास असतो आणि समुद्राकडे निघताना पिल्लाच्या डोक्यात तो कायमचा ठसतो.

याचा एक गाजलेला पुरावा याच इसाक्वाच्या ओढ्यातून मिळाला. ओढ्याला गावाजवळ पूर्वेकडचा एक फाटा येऊन मिळतो. 1950च्या दशकात आर्थर हासलर आणि वॉरन विस्बी या शास्त्रज्ञांनी दोन्ही फाट्यांवर आलेले कोहो पकडले, त्यातल्या निम्म्यांच्या नाकपुड्यांत बोळे घातले आणि सगळ्यांना संगमाच्या खाली नेऊन सोडलं. ज्यांची नाकं मोकळी होती ते बहुतेक आपापल्या फाट्याला बरोबर लागले. नाक बंद असलेले वाट्टेल तिकडे गेले.

हॅचरीचं सगळं गणित या एका सवयीवर उभं आहे. पिल्लं ज्या पाण्यात वाढवाल त्याच पाण्याकडे ती मोठी होऊन परत येणार. समुद्रात ना जाळं लावायचं, ना खाद्य टाकायचं, ना राखण करायची.

शेडमध्ये नेमकं काय चालतं

हॅचरी म्हणजे अंडी फलित करून पिल्लं वाढवण्याची जागा. आपल्या मत्स्यविभागाच्या भाषेत मत्स्यबीज केंद्र. इसाक्वाच्या ओढ्यावर एक आडवा बांध आहे. तो दिसला की मासे बाजूच्या मत्स्यशिडीत वळतात. मत्स्यशिडी म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचे छोटे हौद, एकातून दुसऱ्यात पाणी पडत राहतं आणि मासा उडी मारत किंवा पोहत वर चढतो. शिडीच्या बाजूला काचा लावल्यात. वर चढलेले मासे मोठ्या टाक्यांत येतात आणि अंडी पक्व होईपर्यंत तिथेच थांबतात.

अंडी काढायच्या दिवशी कर्मचारी माशाच्या पोटावरून हात फिरवतो. गाभोळी घट्ट लागली तर मासा परत टाकीत, सुटी लागली तर टेबलावर. टोल्यासरशी मासा मरतो. मादीचं पोट छोट्या बाकदार सुरीनं खालून वर चिरलं की नारिंगी अंडी बादलीत घरंगळतात, प्रत्येक अंडं साधारण वाटाण्याएवढं. एका चिनूक मादीत चार-पाच हजार. नराचं पोट दाबून दुधासारखं पांढरं वीर्य त्यावर पाडतात आणि थोडं पाणी घालतात. पाणी लागताच शुक्रजंतू जागे होतात, पण मिनिटभरच. तेवढ्यात काम व्हायला हवं, नाहीतर अंड्याचं तोंड बंद. मग आयोडीनच्या पाण्यात धुऊन अंडी ट्रेमध्ये जातात. हे ट्रे एकावर एक रचलेले असतात आणि वरून खाली थंड पाणी झिरपत राहतं.

पहिले काही आठवडे त्या ट्रेला धक्काही लावत नाहीत, इतकी अंडी नाजूक असतात. पुढे अंड्यात दोन काळे ठिपके दिसू लागतात. हे पिल्लाचे डोळे. आता अंडी टणक झालेली असतात, आणि आता मुद्दाम धक्का देतात! एका भांड्यातून दुसऱ्यात ओततात. जी फळलेली नाहीत ती या धक्क्यानं पांढरीफट्ट पडतात आणि वेचून काढता येतात, म्हणजे त्यांची बुरशी इतरांना लागत नाही. मला या सगळ्या प्रक्रियेत सर्वांत हुशारीची वाटते ती ही पायरी.

पिल्लं फुटतात तेव्हा पोटाला बलकाची नारिंगी पिशवी लटकत असते. ती संपेपर्यंत बाहेरचं खाणं नाही. मग बाहेरचे हौद, वर बगळ्यांपासून वाचवायला जाळ्या, दिवसातून अनेकदा खाद्य. चिनूकची पिल्लं बोटुकलीएवढी झाली की त्याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला ओढ्यात सोडतात. कोहो वर्षभर जास्त राहतो.

मारल्याशिवाय नाही का चालणार?

आपल्याकडे रोहू-कटल्याच्या केंद्रांत मासे मारत नाहीत. संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन हौदात सोडतात, ते स्वतःच अंडी घालतात आणि पुढच्या हंगामात पुन्हा उपयोगी पडतात. 1957मध्ये हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात हे तंत्र यशस्वी करून दाखवलं, त्याची आठवण म्हणून 10 जुलै हा दिवस मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात.

चिनूकला ‘पुढचा हंगाम’ नसतो. न मारता अंडी काढली तरी तो आठवड्याभरात जाणारच आणि दरम्यान अर्धी अंडी हाताबाहेर जायची. शिवाय मेलेला मासा तपासता येतो: रोग आहे का, वय किती, कुठून आला. मांस चांगलं असेल तर ते अन्नदान केंद्रांना किंवा विकत घेणाऱ्यांना जातं. काही कलेवरं मुद्दाम वरच्या ओढ्यांत टाकतात, कारण समुद्रातून आलेलं हे पोषण तिथले किडे, पिल्लं, काठावरची झाडंसुद्धा वापरतात.

यावर पुढचा आक्षेप असा येतो की मग त्यांना ओढ्यातच अंडी घालू द्या. घालू देतातही. गरजेपुरते मासे ठेवून बरेच बांधापलीकडे सोडले जातात. पण ओढ्यात पूर येतो, गाळ बसतो, इतर मासे अंडी खातात, आणि बहुतेक अंडी वाया जातात. ट्रेमधली बहुतेक वाचतात. फरक एवढा मोठा असल्यामुळेच हॅचरीचा मोह सुटत नाही.

मुळात ही वेळ आली का?

पाटीवर सगळं सविस्तर लिहिलेलं असतं, पण फोटो काढण्याच्या नादात हाच भाग राहून जातो.

इसाक्वा हे एकेकाळी कोळशाच्या खाणींचं आणि लाकूडतोडीचं गाव. ओढे गाळानं भरले, मूळचे सॅमन जवळपास संपले. महामंदीच्या काळात बेकारांना काम देण्याच्या सरकारी योजनेतून 1936मध्ये ही हॅचरी बांधायला घेतली. चिनूकचं बीज आणलं ते मुख्यतः शेजारच्या ग्रीन नदीतून. म्हणजे आज काचेतून दिसणारे चिनूक बहुतांशी पाहुण्यांचे वंशज आहेत.

त्यांचा रस्ताही माणसानंच बदललेला. ओढ्यातून समामिश तलाव, तिथून वॉशिंग्टन तलाव, तिथून सिएटल शहरातला जहाजांचा कालवा, मग बॅलर्डची जलकपाटं (पाण्याची पातळी बदलून जहाजं वरखाली नेणारी दारं) आणि समुद्र, असा आजचा मार्ग. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी वॉशिंग्टन तलावाचं पाणी दक्षिणेकडून ब्लॅक नावाच्या नदीतून बाहेर पडायचं. 1916मध्ये कालवा जोडला, तलाव जवळजवळ पावणेतीन मीटर खाली गेला आणि ब्लॅक नदी कोरडी पडली.

इतरत्र कारण थेट धरणं. कोलंबिया नदीवरचं ग्रँड कूली धरण इतकं उंच आहे की तिथे मत्स्यशिडी बांधलीच नाही. वरचा सगळा भाग सॅमनला कायमचा बंद झाला. बदल्यात लेव्हनवर्थसारख्या हॅचरी दिल्या. व्यवहार असा होता: नदी आम्ही घेतो, मासे तुम्हाला कारखान्यातून देतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बहुतेक हॅचरींच्या मागे कुठल्या ना कुठल्या रूपात हाच व्यवहार आहे, आणि तो ध्यानात घेतला की पुढची सगळी भांडणं समजायला सोपी जातात.

कोण हॅचरीचा, कोण नदीचा?

सॅमनच्या पाठीवर, शेपटीच्या जरा अलीकडे, बोटाच्या पेराएवढा एक मांसल पर असतो. हॅचरीच्या पिल्लांचा तो पर सोडण्याआधी कापतात. मतदान केल्यावर बोटाला शाई लावतात ना, तशी ही खूण, फक्त ही पुसत नाही: एकदा केली की जन्मभर दिसते आणि माशाचं काही अडत नाही. गळ टाकणाऱ्याला बऱ्याच ठिकाणी नियम असतो की पर कापलेला मासा घरी न्यायचा, पर शाबूत असेल तर पाण्यात सोडायचा.

काही पिल्लांच्या नाकाडात मिलिमीटरभर लांबीची तारही टोचतात. तारेवर सांकेतिक आकडे कोरलेले असतात. मासा कुठेही पकडला गेला तरी डोकं प्रयोगशाळेत जातं, तार काढून सूक्ष्मदर्शकाखाली वाचतात आणि कुठल्या हॅचरीचा, कुठल्या वर्षाचा ते कळतं.

एवढा खटाटोप कशाला? कारण 1999पासून या भागातला चिनूक ‘धोक्यात आलेली जात’ म्हणून कायद्यानं संरक्षित आहे. पकडायचे कोणते आणि राखायचे कोणते हे ओळखता आल्याशिवाय मासेमारी चालूच ठेवता आली नसती.

मग लाखो पिल्लं सोडून प्रश्न सुटला का?

नाही. सोडलेल्या शंभर पिल्लांतलं एखादं परत येतं, वाईट वर्षी तेवढंही नाही. पण हा तोटा तर निसर्गातही असतो. खरी अडचण वेगळी आहे.

हौदात वाढलेल्या पिल्लाला बगळ्याची भीती माहीत नसते. वरून सावली पडली की खाद्य आलं, एवढंच त्याला कळतं. ओढ्यात जे पिल्लू दोन दिवस टिकलं नसतं ते इथे आरामात मोठं होतं आणि पुढच्या पिढीला स्वतःचे गुण देतं. ऑरेगन राज्यातल्या हूड नदीत सॅमनच्याच कुळातल्या स्टीलहेड माशांच्या वंशावळी जनुकांवरून तपासल्या गेल्या. 2007मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले: बंदिस्त वाढीची प्रत्येक पिढी गेली की निसर्गात पिल्लं जगवण्याची क्षमता सुमारे 40 टक्क्यांनी घटते. आणि असे मासे नदीतल्या माशांशी जोड्या जमवतात, तेव्हा ही घट नदीतही शिरते.

त्यात ओढाच बिघडलेला असेल तर पिल्लं सोडून उपयोग काय? सिएटलच्या ओढ्यांत पाऊस पडला की अंडी घालायच्या आधीच कोहो तडफडून मरायचे. वर्षानुवर्षं कारण सापडत नव्हतं. 2020च्या डिसेंबरात वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांनी ते जाहीर केलं. टायरचं रबर लवकर तडकू नये म्हणून त्यात एक रसायन घालतात. त्याची ओझोनशी क्रिया होऊन जे विष बनतं, ते रस्त्यावरच्या टायरच्या भुकटीतून पावसाबरोबर ओढ्यात उतरतं. कोहोला त्याची अत्यल्प मात्राही पुरते. सॅमन बघायला आपण गाडीनंच जातो, हे ओघानं आलंच.

तर मग बंद करून टाका!

असं म्हणणारे तिथेही आहेत आणि त्यांचा मुद्दा बिनबुडाचा नाही. पण दोन गोष्टी आड येतात.

पहिली, करार. 1850च्या दशकात इथल्या आदिवासी जमातींनी अमेरिकी सरकारला जमिनी दिल्या, पण नेहमीच्या ठिकाणी मासे धरायचा हक्क राखून ठेवला. पुढे जवळपास सव्वाशे वर्षं हा हक्क कागदावरच राहिला. मासे धरले म्हणून लोकांना तुरुंगात टाकलं गेलं. 1974मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की पकडता येण्याजोग्या माशांपैकी निम्मे या जमातींचे. हॅचरी बंद केल्या तर अनेक नद्यांत हा निम्मा वाटा म्हणजे शून्याचा निम्मा होईल. म्हणूनच जमाती स्वतःही हॅचरी चालवतात. त्यांच्या दृष्टीनं हा नुसता पर्यावरणाचा विषय नाही, देण्याघेण्याचा आहे.

दुसरी, ऑर्का. या किनाऱ्यावर राहणारा काळ्यापांढऱ्या देवमाशांचा एक कळप मुख्यतः चिनूकवर जगतो. आता तो पाऊणशेच्या घरात उरलाय. त्यांच्या तोंडी घास पडावा म्हणून अलीकडे काही हॅचरींतून चिनूकची संख्या उलट वाढवण्यात आली.

खरा उपाय नदी मोकळी करण्याचा, आणि तोही होतोय. सिएटल ज्या वॉशिंग्टन राज्यात आहे, तिथल्याच एल्वा नदीवरची दोन धरणं 2011 ते 2014 या काळात पाडली. सॅमन वर जायला लागलेत. पण तिथेही सुरुवातीला बीज टिकवायला हॅचरीचाच आधार घेतला. माझं मत विचाराल तर हॅचरी चालू ठेवण्यात गैर काही नाही. हॅचरी आहे म्हणून नदीचं काम लांबणीवर टाकणं गैर आहे, आणि गेल्या शतकात बहुतेक वेळा तेच झालं.

लोणावळ्याचा महसीर

हे सगळं परदेशातलं म्हणून सोडून देता येत नाही. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरची महसीर माशाची हॅचरी 1970च्या दशकापासून आहे. धरणांमुळे महसीरला अंडी घालायला वर जाता येईना, म्हणून तलावातल्या माशांची अंडी फलित करून पिल्लं वाढवायची आणि देशभर पाठवायची, असा हा उपक्रम. लाखो पिल्लं तयार झाली. आपल्या दख्खनच्या, निळ्या परांच्या महसीरची हलाखी कमी व्हायला त्याचा हातभार लागला असं मानतात.

त्यातली काही पिल्लं कावेरीतही सोडली गेली. कावेरीत मात्र स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला महाकाय महसीर होता. निळ्या परांचा पाहुणा तिथे फोफावला आणि कुबडवाला झपाट्यानं घटत गेला. त्याला धरणं, वाळूउपसा, सुरुंगाची मासेमारी हीही कारणं होतीच. 2018मध्ये या कुबडवाल्याची जागतिक यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंद झाली. हेतू चांगला, मासा चांगला, नदी चुकली. त्या काळी हे दोन महसीर वेगवेगळे आहेत हे पुरतं ठाऊकही नव्हतं.

बघायला जाणार असाल तर

चिनूकसाठी सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबर, कोहोसाठी नोव्हेंबरही चालेल. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी गावात सॅमन डेज नावाची जत्रा असते, तेव्हा गर्दी मरणाची. गर्दी नको असेल तर मधल्या वारी सकाळी जा. स्वयंसेवक हौसेनं माहिती देतात, लहान मुलांच्या प्रश्नांना तर जास्तच.

लहान मुलं बरोबर असतील तर पोट चिरण्याचं काम कुठल्या दिवशी आहे ते आधी विचारून ठेवा. काहींना ते बघायचंच असतं, काही रात्री जेवत नाहीत.

काचेपाशी उभे राहाल तेव्हा पाठीवरचा तो छोटा पर शोधा. जागा गुळगुळीत दिसली तर मासा हॅचरीचा. पर शाबूत असेल तर तो ओढ्यात जन्मलेला असू शकतो. खात्री नाही, कारण काही पिल्लांचा पर मुद्दाम ठेवतात. त्याच दिवशी वेळ असेल तर बॅलर्डलाही जाऊन या. तिथल्या मत्स्यशिडीला 21 पायऱ्या आहेत आणि जमिनीखालच्या खोलीत काचा. इसाक्वाला पोचणारा प्रत्येक मासा आधी तिथून चढलेला असतो किंवा शेजारच्या जहाजांच्या दारांतून, बोटींच्या सोबतीनं, आत शिरलेला असतो.